पगार जास्त असलेलेच कामगार बंडात पुढे का होते? रशिया, 1885 ते 1921

प्रश्न असा आहे: "1917 मध्ये रशियात क्रांती झाली ती कामगार उपाशी होते म्हणून, की लेनिन यांच्या बोल्शेविक पक्षाने त्यांना चिथावलं म्हणून? उपासमार हे कारण मानलं, तर पेत्रोग्रादच्या लोखंडी कारखान्यांतले कामगार सगळ्यांत पुढे कसे? त्यांना तर देशात सगळ्यांत चांगला पगार मिळत होता."

कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गांत मी बरीच वर्षं हा विषय शिकवतो आहे, आणि प्रत्येक वर्गात हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. माझं उत्तर आधीच सांगतो. संप नेमका कधी पेटला ते उपासमारीवरून समजतं. पण संपात काय काय मागितलं गेलं आणि मालकाशी झालेलं भांडण दर वेळी थेट झारच्या सिंहासनापर्यंत कसं पोचलं, ते उपासमारीवरून समजत नाही. त्यासाठी कारखान्याच्या फाटकाच्या आत चालणारी मनमानी बघावी लागते. चिथावणीचं म्हणाल, तर ती तक्रार सरकार प्रत्येक संपात करत होतं आणि कामगारांनी तिला स्वतःच उत्तर दिलेलं आहे. तिकडे पुढे येतोच. (खालच्या सगळ्या तारखा त्या वेळच्या रशियन कॅलेंडरप्रमाणे आहेत. ते आपल्यापेक्षा एकोणिसाव्या शतकात 12 आणि विसाव्या शतकात 13 दिवस मागे होतं; 1918 च्या फेब्रुवारीपासून रशियानेही आपलंच कॅलेंडर घेतलं. आणि पेत्रोग्राद म्हणजे तेव्हाची राजधानी पीटर्सबर्गच, 1914 मध्ये तिचं नाव बदललं.)

आधी हा कामगार कोण होता ते पाहू. बहुतेक जण गावाकडून आलेले शेतकरी. भूदासप्रथा 1861 मध्ये संपली, पण जमिनीचे हप्ते आणि गावकीचे कर मानेवर राहिले. गाव सोडायचं तर पासपोर्ट लागायचा, आणि कर थकला असेल तर गावचा पुढारी तो वाढवून देत नसे. म्हणजे शहरात राहायचं की नाही हेही कामगाराच्या हातात नव्हतं. माणूस मॉस्कोत किंवा पीटर्सबर्गला यायचा तो गाववाल्याचा हात धरून, आणि त्या गाववाल्याच्याच ओळखीवर कामाला लागायचा. पंधरावीस जण मिळून एखादी खोली घेत, स्वयंपाकाला एक बाई ठेवत आणि खर्च वाटून घेत. मधोमध एकच मोठं वाडगं, त्यात कोबीचं सूप, आणि भोवती सगळे लाकडी चमचे घेऊन बसलेले. आधी फक्त पातळ रस्सा प्यायचा. वडीलधाऱ्याने वाडग्याच्या काठावर चमचा वाजवला की मगच मांसाच्या तुकड्यांना हात घालायचा. आपल्या गिरणगावातल्या गाळ्यांमध्ये आणि खानावळींमध्ये ज्यांचे आजोबा राहिले, त्यांना हे चित्र नवं वाटणार नाही.

ही बऱ्यातली गोष्ट. मॉस्कोच्या आसपासच्या कापडगिरण्यांमध्ये कंपनीच्या बराकी असत. लांबच लांब दालनं, फळ्यांचे मंचक, दिवसपाळीचा माणूस उठला की त्याच जागेवर रातपाळीचा झोपणार. पीटर्सबर्गमध्ये खोलीसुद्धा नाही, खोलीचा कोपरा भाड्याने मिळायचा. एकेका खोलीत चार कुटुंबं, मधे पडदा. चटया विणण्याच्या कारखान्यांत तर अख्खं कुटुंब मुलाबाळांसकट अठरा-अठरा तास राबायचं आणि कामाच्या जागीच आडवं व्हायचं. हे आंदोलकांचे आरोप नाहीत. सरकारनेच नेमलेले मॉस्को जिल्ह्याचे पहिले कारखाना निरीक्षक, अर्थशास्त्राचे प्राध्यापक इव्हान यांझुल, यांनी 1880च्या दशकात तिथल्या कारखान्यांबद्दल हे लिहून ठेवलं आहे. त्यांचा निष्कर्ष असा की फाटकाच्या आत मालक हा अनिर्बंध सत्ताधीश आहे, त्याच्यावर कोणताही कायदा चालत नाही. झारच्या नोकरीतल्या माणसाने हे म्हणावं, याचं वजन मोठं आहे.

पगाराचा आकडाही एकदा बघून ठेवा. 1913 मध्ये कारखाना निरीक्षकांच्या हिशेबाप्रमाणे रशियन कामगाराची सरासरी वर्षाची कमाई सुमारे 264 रूबल होती, म्हणजे महिन्याला 22. पीटर्सबर्गच्या कुशल लोहकामगाराला याहून बरंच जास्त मिळायचं, कापडगिरणीतल्या बाईला बरंच कमी. तुमच्या प्रश्नात जो पेच आहे तो इथूनच निघतो. पण कागदावरचा पगार आणि हातात पडलेला पगार यांच्यामध्ये एक रकाना होता, दंडाचा. तिथे थोडं थांबू या.

ओरेखोवो-झुयेवो जवळ निकोल्स्कोये इथे तिमोफेय मोरोझोव यांची प्रचंड कापडगिरणी होती. 1882 ते 1884 या काळात तिथे पगार पाच वेळा कापला गेला. त्याच्या वर दंड. कापडात दोष निघाला, दंड. उशीर झाला, दंड. मॅनेजरसमोर टोपी काढली नाही, गाणं म्हटलं, तरी दंड. ही रक्कम मिळकतीच्या चौथ्या हिश्शापर्यंत जाई, काहींच्या बाबतीत निम्म्यापर्यंत. कापडातला दोष ठरवणार कोण? तर मालकाचाच माणूस. आणि दंडाचा पैसा जाणार कुठे? मालकाच्याच खिशात. म्हणजे दंड हा शिस्तीचा भाग राहिला नव्हता, तो पगार कापण्याचा छुपा मार्ग झाला होता. बाजारात मंदी आली की कापडातले दोष आपोआप वाढत.

7 जानेवारी 1885 हा सणाचा दिवस. व्यवस्थापनाने त्या दिवशी काम चालू राहील असं जाहीर केलं आणि ठिणगी पडली. सुमारे 8,000 कामगार बाहेर पडले. कंपनीचं दुकान आणि अधिकाऱ्यांची घरं फुटली. पण प्योत्र मोइसेयेन्को आणि वासिली वोल्कोव या विणकरांनी गर्दीला आवरून मागण्या लिहून काढल्या, आणि त्या मागण्या वाचण्यासारख्या आहेत. दंड पगाराच्या शेकडा 5 हून जास्त नसावा. कापडाचा दोष ठरवताना साक्षीदार असावा. आणि मालक-कामगार व्यवहारावर सरकारने देखरेख ठेवावी. लक्षात घ्या, 1885 मध्ये हे लोक सरकारविरुद्ध नव्हते. ते सरकारला आत बोलावत होते, की या आणि बघा इथे काय चाललं आहे.

सरकार आलं ते सैन्य घेऊन. शेकडो जणांना धरून गावी हाकलून दिलं. पण पुढच्या वर्षी व्लादिमीरच्या कोर्टात विलक्षण गोष्ट घडली. सुनावणीत दंडाची पुस्तकं उघडली गेली, साक्षी झाल्या, आणि ज्यूरीने त्यांच्यासमोर ठेवलेल्या 101 प्रश्नांपैकी प्रत्येकाला 'दोषी नाही' असं उत्तर दिलं. सरकारधार्जिण्या वृत्तपत्राचे संपादक काटकोव यांनी चिडून लिहिलं की रशियातल्या कामगार-प्रश्नाच्या आगमनाला ही 101 तोफांची सलामी झाली. मोइसेयेन्कोला निर्दोष सुटूनही प्रशासकीय हुकमाने अर्खान्गेल्स्क प्रांतात हद्दपार केलं गेलं. कोर्टाने सोडलं तरी पोलिस सोडत नाहीत, हे सगळ्यांनी पाहिलं.

3 जून 1886 चा कायदा या संपातून आला. दंडाची एकूण रक्कम पगाराच्या एक-तृतीयांशाहून जास्त नको, दंडाचा पैसा मालकाने खिशात न घालता कामगारांच्याच अडीअडचणींसाठी निधीत ठेवायचा, पगार ठरल्या मुदतीत आणि रोख द्यायचा, प्रत्येकाला पगार-पुस्तिका द्यायची. चांगल्या तरतुदी आहेत. पण त्याच कायद्याने संप हा फौजदारी गुन्हा म्हणून पक्का केला, पुढाकार घेणाऱ्यांना कित्येक महिन्यांचा तुरुंगवास, आणि मुदतीआधी काम सोडून जाणाऱ्या कामगारालाही अटक. मालकाने करार मोडला तर त्याला दंड, कामगाराने मोडला तर तुरुंग. कामगार कायद्याचं काम करणाऱ्या कुणालाही या असमतोलाचा अर्थ लगेच कळेल. संघटना करायला बंदी, सभेला बंदी, संपाला बंदी. म्हणजे पगाराचा साधा वाद घातला तरी समोर येणार तो पोलिस. मालकाने आपला वाद स्वतः मिटवण्याची गरजच सरकारने ठेवली नाही, आणि त्यामुळे मालकाची प्रत्येक मनमानी सरकारच्या खात्यावर जमा होत गेली. माझ्या मते पुढच्या तीस वर्षांच्या इतिहासाची किल्ली इथे आहे.

1896 च्या मे महिन्यात निकोलाय दुसरा याचा राज्याभिषेक झाला. गिरण्या बंद ठेवल्या गेल्या आणि त्या दिवसांचा पगार मात्र पुरता दिला नाही. पीटर्सबर्गच्या सुमारे 30,000 गिरणी कामगारांनी संप केला. मूळ मागणी सुट्टीच्या पगाराची होती, ती वाढत वाढत साडेदहा तासांच्या दिवसापर्यंत गेली. त्यातून 1897 चा कायदा आला: दिवस साडेअकरा तासांचा, शनिवारी दहा. म्हणजे साडेअकरा तास हीसुद्धा सवलत होती, यावरून आधीचं काय असेल याचा अंदाज करा. शिवाय जादा कामाला मोकळीक दिल्यामुळे ती मर्यादाही बऱ्याच ठिकाणी कागदावर राहिली.

उरालमधल्या झ्लातोउस्तची गोष्ट मी वर्गात आवर्जून सांगतो. 1903 च्या मार्चमध्ये तिथल्या सरकारी शस्त्र कारखान्यात नवीन पगार-पुस्तिका वाटल्या गेल्या. त्यातल्या अटी कामगारांना आधीपेक्षा वाईट वाटल्या, त्यांनी त्या घ्यायला नकार दिला. पुढारी पकडले गेले, त्यांच्या सुटकेसाठी जमाव गव्हर्नरकडे गेला, आणि गव्हर्नर बोग्दानोविच यांनी गोळीबाराचा हुकूम दिला. डझनावारी माणसं मेली. भांडण कशावरून? एका छापील वहीवरून. पण त्या वहीत माणसाचा महिना कसा मोजला जाणार हे लिहिलेलं असतं.

आता दंडाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट, वागणूक. पाळी सुटली की फाटकावर झडती व्हायची, चोरी होऊ नये म्हणून. पुरुषांची आणि बायकांचीही, सगळ्यांसमोर अंग चाचपून. फोरमन कामगाराला अरे-तुरे करणार, कामगार मात्र त्याला अहो-जाहो. शिवी नित्याची, मारही अपवाद नाही. कामावर घेणं, कामाचा दर ठरवणं, काढून टाकणं, सगळं फोरमनच्या मर्जीवर. त्याच्या हातावर काही ठेवल्याशिवाय चांगलं काम मिळत नसे आणि बायकांकडून तो काय मागायचा हे सगळ्या खात्याला माहीत असे. आपल्याकडच्या गिरण्यांमधल्या जॉबरची सत्ता ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. 'आम्हाला आदराने हाक मारा' ही मागणी रशियन संपांच्या यादीत पुन्हा पुन्हा सापडते, आणि पगारवाढीच्या मागणीला लागूनच सापडते. ती शोभेची मागणी नव्हती. अरे-तुरे ऐकून घेणारा माणूस दंडाबद्दल जाब विचारू शकत नाही, हे दोन्ही बाजूंना कळत होतं.

9 जानेवारी 1905 चा 'रक्तरंजित रविवार' सगळ्यांनी पाठ्यपुस्तकात वाचलेला असतो. पण कामगार झारकडे जो अर्ज घेऊन निघाले होते तो फार थोड्यांनी वाचलेला असतो. सुरुवात राजधानीतल्या पुतिलोव या मोठ्या लोहकारखान्यात झाली. पाद्री गापोन यांच्या सरकारमान्य संघटनेतल्या चार कामगारांना काढल्याची तक्रार होती. कामगारांनी दाद मागितली, मालकांनी ऐकलं नाही, 3 जानेवारीला पुतिलोव बंद पडला आणि आठवड्याभरात राजधानीतले लाखाहून अधिक कामगार संपावर होते. अर्जात आठ तासांचा दिवस मागितला आहे. दर आमच्याशी बोलून ठरवा, असं म्हटलं आहे. बिगारी कामगाराला दिवसाला निदान एक रूबल द्या, जादा काम बंद करा. आणि त्याबरोबर हेही: आमच्यावर उपचार करताना आमचा अपमान करू नका, आणि कामाची खाती अशी बांधा की वारा, पाऊस आणि बर्फ आत येऊन आम्ही मरणार नाही. देवांच्या तसबिरी आणि झारची चित्रं घेऊन ते निघाले होते. सैन्याने गोळ्या झाडल्या. सरकारी आकड्याप्रमाणेसुद्धा 130 माणसं मेली. झार आपला बाप आहे आणि मधले अधिकारी वाईट आहेत, ही समजूत त्या दुपारी संपली.

त्या वर्षीचा आकडा पाहा. 1895 ते 1904 या दहा वर्षांत संपकऱ्यांची वर्षाची सरासरी सुमारे 43,000 होती. एकट्या 1905 मध्ये ती 28 लाखांच्या वर गेली, आणि निरीक्षकांच्या कक्षेतल्या कारखान्यांत एकूण कामगारच 17 लाखांपेक्षा कमी होते. म्हणजे सरासरी प्रत्येकाने दीडदोन वेळा संप केला.

यातला इवानोवो-वोझ्नेसेन्स्कचा संप मला सगळ्यांत जास्त शिकवून गेला. ते कापडगिरण्यांचं शहर, तुमच्या प्रश्नातल्या चांगल्या पगाराच्या कामगारांपासून फार लांब. 12 मेला संप सुरू झाला आणि सत्तरहून अधिक दिवस चालला. कामगारांनी खात्याखात्यातून प्रतिनिधी निवडले, 151 जण, त्यांत 25 स्त्रिया. अध्यक्ष होते अवेनिर नोझ्द्रिन, छपाईच्या रुळांवर नक्षी कोरणारे कारागीर आणि कवी. सभा तालका नदीच्या काठावर भरायच्या, तिथेच भाषणं, तिथेच वाचन. 3 जूनला कोसॅक, म्हणजे झारचे घोडेस्वार सैनिक, त्या सभेवर घोडे घेऊन तुटून पडले. मालकांनी थोडी पगारवाढ दिली, बाकी मागण्या मिळाल्या नाहीत, आणि भुकेमुळे संप मागे घ्यावा लागला. पण संपाची समिती म्हणून जी बसली होती तिने या काळात दारूची दुकानं बंद ठेवायला लावली, स्वतःचे पहारेकरी नेमले, मालकांशी एकत्र वाटाघाटी केल्या. 'सोव्हिएत', म्हणजे निवडून दिलेल्या प्रतिनिधींची परिषद, या शब्दाने पुढे जे काही झालं त्याची सुरुवात कुठल्या पक्षाच्या कार्यालयात झाली नाही. प्रत्येक खात्याने आपला माणूस निवडून पाठवायचा, या साध्या गरजेतून ती झाली.

1905 नंतर आर्थिक कारणासाठीच्या संपावरची बंदी काहीशी सैल झाली, 1906 मध्ये संघटनांना तात्पुरती परवानगी मिळाली, आणि पुढच्या काही वर्षांत पोलिसांनी त्या एकेक करून बंद पाडल्या. याच काळातला एक धागा आपल्यापर्यंत येतो. 1908 च्या जुलैमध्ये लोकमान्य टिळकांना शिक्षा झाल्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं, आणि परदेशात असलेल्या लेनिन यांनी त्याच वर्षी त्या संपावर लिहिलं की भारतातला कामगार राजकीय लढ्यासाठी जागा झाला आहे. 1905 पाहिलेल्या माणसाला मुंबईची बातमी ओळखीची वाटली, यात नवल नाही.

आता चिथावणीकडे येतो. सायबेरियात बोदाइबोच्या आसपास लेना कंपनीच्या सोन्याच्या खाणी होत्या. रेल्वे नाही, चहूकडे जंगल, हिवाळ्यात बाहेर पडायचा रस्ता जवळपास नाही. पगाराचा काही भाग कुपनांत मिळायचा आणि ती कुपनं कंपनीच्याच दुकानात चालायची. 1912 च्या फेब्रुवारीअखेर तिथून आलेल्या सडक्या मांसावरून एका खाणीत काम थांबलं आणि काही दिवसांत सुमारे 6,000 कामगार संपावर गेले. आठ तासांचा दिवस, शेकडा 30 पगारवाढ, दंड बंद, आणि इथेही, आदराने हाक. संप महिनाभर शांततेत चालला. एप्रिलच्या सुरुवातीला समितीचे लोक पकडले गेले. अधिकारी म्हणत होते की तुम्हाला कोणी तरी भडकवलं आहे. तेव्हा कामगारांनी काय केलं? प्रत्येकाने स्वतंत्र चिठ्ठी लिहिली, ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी लिहून घेतली: मी माझ्या मर्जीने काम थांबवलं आहे, मला कोणीही चिथावलेलं नाही. त्या चिठ्ठ्या सरकारी वकिलाच्या हातात द्यायला 4 एप्रिलला हजारोंचा जमाव चालत निघाला, आणि पोलिस कप्तान त्रेश्चेन्कोव याच्या हुकमावरून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. शंभराहून कितीतरी जास्त माणसं मेली. दूमा या संसदेत गृहमंत्री मकारोव उत्तर द्यायला उभे राहिले आणि म्हणाले: असंच होत आलं आहे आणि असंच होत राहील. त्या वर्षी निषेधाच्या संपांची लाटच आली. माझ्या वर्गात चिथावणीचा मुद्दा निघाला की मी या चिठ्ठ्यांची गोष्ट सांगतो.

मग लोहकामगार पुढे का? पीटर्सबर्गचा विबोर्ग भाग डोळ्यांपुढे आणा. लेस्नर, एरिकसन, नोबेल, रोझेनक्रांझ, आइवाझ, एकाला लागून एक कारखाने. एका पाळीत काय झालं ते दुसऱ्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कळणार. लेथवर किंवा फिटिंगच्या टेबलावर काम करणारा माणूस वाचणारा, नकाशा समजणारा, रविवारच्या शाळेत गेलेला. त्याच्या जागी गावाकडून उद्या माणूस आणून बसवता येत नाही. त्याचं कौशल्य ही त्याची ताकद, आणि अरे-तुरेचा अपमान त्यालाच सगळ्यांत जास्त बोचणारा. मालक तासांची मोजणी आणि नवे दर आणून त्याच कौशल्यावर घाला घालत होते. त्यातल्या अनेकांनी 1905 स्वतः पाहिलेलं होतं. चांगला पगार मिळणारा माणूस शांत बसेल, हे गृहीतच चुकीचं आहे. ज्याच्याकडे दोन आठवडे तग धरण्याइतकं असतं तोच संप सुरू करू शकतो.

1914 च्या मार्चमध्ये पीटर्सबर्गच्या त्रेउगोल्निक या रबर कारखान्यात गलोश (बुटांवर चढवायचे रबरी जोडे) चिकटवणाऱ्या बायका नव्या गोंदाच्या वाफेने एकामागून एक बेशुद्ध पडल्या. त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरले ते लोहकामगार. जुलैमध्ये राजधानीत बॅरिकेड उभे राहिले होते. मग महायुद्ध आलं आणि दोन वर्षं गेली.

युद्धाने कारखाने फुगवले. पेत्रोग्रादमध्ये 1914 च्या सुरुवातीला सुमारे 2 लाख 42 हजार औद्योगिक कामगार होते, 1917 च्या सुरुवातीला 3 लाख 92 हजार. त्यातल्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यात बायका. संप केला तर लष्करी वयाच्या कामगाराला थेट आघाडीवर पाठवायचं, ही नवी शिक्षा निघाली. 1916 च्या ऑक्टोबरमध्ये खुद्द गुप्त पोलिसांनी वर कळवलं की पगार साधारण शेकडा 50 नी वाढले, काही कुशल लोकांचे 100 ते 200 नी, पण वस्तूंच्या किमती शेकडा 100 ते 500 नी वाढल्या आहेत. इथे तुमच्या प्रश्नातल्या उपासमारीला तिची जागा द्यायलाच हवी. दहाअकरा तास काम करून बाई पहाटेपासून पावाच्या रांगेत थंडीत उभी, आणि तिची पाळी येईपर्यंत पाव संपलेला.

18 फेब्रुवारी 1917 ला पुतिलोवच्या एका खात्याने पगारवाढ मागितली, तिथल्या लोकांना काढून टाकलं गेलं, आणि 22 तारखेला व्यवस्थापनाने संपूर्ण कारखान्याला टाळं लावलं. 23 तारीख म्हणजे आपल्या हिशेबाने 8 मार्च, महिला दिन. आदल्या दिवशी एरिकसन कारखान्यातला बोल्शेविक कामगार कायुरोव बायकांच्या सभेत जाऊन सांगून आला होता की उद्या संप करू नका, शिस्त पाळा. दुसऱ्या दिवशी विबोर्गच्या सूतगिरण्यांतल्या बायका बाहेर पडल्या, लोहकारखान्यांसमोर गेल्या, खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारून पुरुषांना खाली बोलावलं. कायुरोव चिडला, आणि मग अर्थातच त्यांच्याबरोबर निघाला. दोन दिवसांत दोन लाखांहून जास्त कामगार रस्त्यावर, 27 तारखेला शिपाई कामगारांच्या बाजूला फिरले, 2 मार्चला झारने गादी सोडली. लेनिन तेव्हा झुरिकमध्ये होते आणि जानेवारीतल्या भाषणात म्हणाले होते की आमच्या पिढीला निर्णायक लढाया कदाचित पाहायला मिळणार नाहीत. चिथावणी देणारे असे नसतात. कमी पगाराच्या बायकांनी सुरुवात केली आणि जास्त पगाराच्या पुरुषांनी ती टिकवली. बोल्शेविक होते, धाडसी होते, तुरुंग भोगून आलेले होते, पण ठिणगी त्यांची नव्हती. त्यांचं यश पुढच्या आठ महिन्यांतलं आहे: पाव, शांतता आणि कारखान्यावर कामगारांची देखरेख, या मागण्या त्यांनी सगळ्यांत ठामपणे उचलल्या.

फाटकाच्या आतली मनमानी हेच मूळ कारण, असं मी म्हणतो त्याचा पुरावा झार गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात मिळतो. कामगार परत कामावर आले आणि त्यांनी आधी काय केलं? नकोशा फोरमनना आणि अधिकाऱ्यांना हातगाड्यांवर घालून फाटकाबाहेर नेऊन टाकलं. डोक्यावर पोतं चढवायचं, गाडीत कोंबायचं, सगळ्या खात्यांमधून फिरवायचं. पुतिलोवमध्ये इंजिन जोडणीच्या खात्यात सरकारधार्जिण्या टोळीच्या म्होरक्याच्या डोक्यावर लोखंडाला लावायचा शेंदूर ओतला आणि त्याला कालव्यापर्यंत नेलं. त्या कारखान्यातून पहिल्या तीन दिवसांत सुमारे 40 अधिकाऱ्यांना हाकललं गेलं. सगळं काही गमतीचं नव्हतं, खूनही झाले, आणि ते झाकून ठेवणं प्रामाणिक होणार नाही. पण ही सूड घेण्याची पद्धत कोणावर वापरली गेली ते पाहा: दंड लावणारे, झडती घेणारे, लाच खाणारे. आठ तासांचा दिवस कामगारांनी आधी स्वतःच सुरू केला, आठ तास झाले की अवजारं खाली. 10 मार्चला कारखानदारांच्या संघटनेने पेत्रोग्राद सोव्हिएतबरोबर करार करून त्याला मान्यता दिली आणि कारखाना समित्यांनाही. बरखास्ती, भरती, झडती यांवर आता समितीचा शब्द चालू लागला.

यानंतर लोक हमखास विचारतात, मग पुढे त्यांचं काय झालं? थोडक्यात सांगतो, कारण हा भाग टाळणारे दोन्ही बाजूंना आहेत. ऑक्टोबर 1917 मध्ये बोल्शेविकांनी सत्ता घेतली आणि नोव्हेंबरमध्ये कारखान्यांवर कामगारांच्या देखरेखीचा हुकूम निघाला. पण हिवाळ्यात कच्चा माल आणि इंधन संपलं, युद्धसामग्रीचं काम थांबलं, कारखाने बंद पडले. 1918 च्या मे महिन्यात कोल्पिनोला इझोरा कारखान्यापाशी पावासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, या वेळी नव्या सरकारच्या लोकांकडून. यादवी युद्धात पेत्रोग्रादची लोकसंख्या पंचवीस लाखांच्या आसपास होती ती सात लाखांवर आली. जे कामगार 1917 मध्ये पुढे होते त्यातले कित्येक आघाडीवर मेले, कित्येक अधिकारी झाले, बाकीचे अन्नासाठी गावी परतले. समित्यांच्या जागी एकाच व्यवस्थापकाची सत्ता आली, काम सोडणाऱ्याला पळपुटा शिपाई मानायची भाषा सुरू झाली.

1921 च्या फेब्रुवारीत पेत्रोग्रादच्या कारखान्यांत पुन्हा संप झाले. शिधा वाढवा, गावाहून अन्न आणू द्या, आणि मग, मोकळेपणाने निवडणूक घेऊ द्या. सरकारने लष्करी कायदा लावला, संप करणाऱ्या कारखान्यांना टाळं ठोकलं, शिधा थांबवला. त्या कामगारांना पाठिंबा म्हणून पेत्रोग्रादजवळच्या क्रोन्स्टाट या नौदलाच्या किल्ल्यातल्या खलाशांनी ठराव केला आणि 18 मार्चपर्यंत तो किल्ला रक्तपाताने ताब्यात घेतला गेला. त्याच दिवसांत भरलेल्या बोल्शेविक पक्षाच्या दहाव्या अधिवेशनात श्ल्यापनिकोव आणि त्यांचे साथी मागत होते की उद्योगाचा कारभार कामगार संघटनांकडे द्या. श्ल्यापनिकोव स्वतः लेथवर काम केलेले लोहकामगार, फेब्रुवारी 1917 मध्ये पेत्रोग्रादमधल्या बोल्शेविकांचे प्रमुख. त्यांची मागणी फेटाळली गेली आणि पक्षात असे गट करण्यावरच बंदी आली.

तुम्हाला यावर आणखी काम करायचं असेल तर माझी एक सूचना आहे. पुढाऱ्यांची भाषणं नंतर वाचा. आधी मागण्यांच्या याद्या क्रमाने समोर ठेवा: मोरोझोव 1885, पुतिलोव आणि इवानोवो 1905, लेना 1912, पेत्रोग्राद मार्च 1917, पेत्रोग्राद फेब्रुवारी 1921. प्रत्येक यादीत पैशाची मागणी किती, तासांची किती, वागणुकीची किती आणि आपला प्रतिनिधी निवडण्याची किती, हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहून काढा. शेवटच्या दोन रकान्यांचं काय होत जातं ते बघा, आणि तुमचा निष्कर्ष माझ्यापेक्षा वेगळा निघाला तर जरूर लिहून कळवा.